इंडियाना विद्यापीठ, २०२४: नव्या प्रशिक्षकाच्या पहिल्या हंगामाचा प्रकरण अभ्यास

२०२४ चा हंगाम सुरू झाला तेव्हा अमेरिकेतील महाविद्यालयीन फुटबॉलच्या सर्वोच्च श्रेणीत सर्वाधिक पराभव ज्या संघाच्या नावावर होते, तो संघ इंडियाना विद्यापीठाचा होता. ब्लूमिंग्टन येथील या विद्यापीठाने ‘बिग टेन’ या मातब्बर साखळीचे विजेतेपद १९४५ आणि १९६७ अशा दोनच वर्षी मिळवले होते. एका हंगामात नऊपेक्षा अधिक सामने ते कधीही जिंकले नव्हते, आणि हंगामोत्तर ‘बाउल’ सामन्यातील त्यांचा शेवटचा विजय १९९१ सालचा होता. याच संघाने नवे मुख्य प्रशिक्षक कर्ट सिग्नेटी यांच्या पहिल्याच हंगामात अकरा सामने जिंकले, केवळ दोन गमावले आणि राष्ट्रीय विजेतेपदाच्या बारा संघांच्या बादफेरीत प्रवेश मिळवला. अनेकांनी याला चमत्कार ठरवून विषय संपवला. मला ते पटत नाही, कारण हे यश कोणत्या निर्णयांमधून आले आणि ते कुठे तोकडे पडले, हे या प्रकरणात बऱ्याच स्पष्टपणे दाखवता येते.

येथे फुटबॉल म्हणजे अमेरिकन फुटबॉल. लंबगोल चेंडू हातात घेऊन धावणे किंवा पुढच्या खेळाडूकडे फेकणे हा त्याचा गाभा आहे. आक्रमक संघाला चार प्रयत्नांत दहा यार्ड पुढे सरकावे लागते; ते साधेल असे वाटत नसेल तर चौथ्या प्रयत्नात चेंडूला लाथ मारून तो प्रतिस्पर्ध्याकडे दूर धाडला जातो, त्याला पंट म्हणतात. चेंडू फेकणाऱ्या क्वार्टरबॅकला संरक्षण देणारी पाच धिप्पाड खेळाडूंची एक फळी त्याच्या समोर उभी असते. या फळीचा उल्लेख पुढे पुन्हा येईल, कारण हंगामाचा शेवट तिथेच ठरला.

इंडियाना हे मुळात बास्केटबॉलचे राज्य आहे. विद्यापीठाच्या बास्केटबॉल संघाने पाच राष्ट्रीय विजेतेपदे मिळवली आहेत आणि त्यांपैकी तीन, म्हणजे १९७६, १९८१ आणि १९८७ ची, बॉब नाइट यांच्या मार्गदर्शनाखालची आहेत. फुटबॉलचा हंगाम हा तिथल्या अनेक चाहत्यांसाठी बास्केटबॉल सुरू होईपर्यंतचा काळ होता. सिग्नेटी यांच्या आधीचे प्रशिक्षक टॉम ॲलन यांनी २०२० च्या करोनाकाळातील छोट्या हंगामात सहा विजय आणि दोन पराभव अशी कामगिरी करून आशा जागवली होती, परंतु पुढील तीन हंगामांत संघाने ३६ पैकी केवळ नऊ सामने जिंकले. नोव्हेंबर २०२३ च्या अखेरीस ॲलन यांना पदमुक्त करण्यात आले. उरलेल्या कराराची भरपाई म्हणून तडजोडीअंती १ कोटी ५५ लाख डॉलर मोजावे लागले. एवढी रक्कम केवळ एखाद्याला दूर करण्यासाठी खर्च करणारे विद्यापीठ पुढील नेमणुकीत नामांकित चेहरा शोधेल, अशी सर्वसाधारण अपेक्षा होती. क्रीडा संचालक स्कॉट डॉल्सन यांनी ३० नोव्हेंबर रोजी निवडलेली व्यक्ती मात्र ६२ वर्षांची होती, आणि बिग टेनच्या तोडीच्या एखाद्या संघाचे मुख्य प्रशिक्षकपद तिने कधीही सांभाळले नव्हते.

तिचा अनुभव मात्र भरभक्कम होता. सिग्नेटी यांचे वडील फ्रँक हे स्वतः नावाजलेले प्रशिक्षक होते. कर्ट सिग्नेटी २००७ ते २०१० या काळात अलाबामा विद्यापीठात विख्यात मुख्य प्रशिक्षक निक सेबन यांच्या हाताखाली होते; चेंडू झेलणाऱ्या खेळाडूंना शिकवणे आणि नव्या खेळाडूंची भरती पाहणे ही दोन्ही कामे त्यांच्याकडे होती. राष्ट्रीय विजेत्या संघातील ही प्रतिष्ठेची नोकरी सोडून, कमी पगार पत्करून, ते २०११ मध्ये पेनसिल्व्हेनियातील एका दुय्यम श्रेणीच्या विद्यापीठात मुख्य प्रशिक्षक म्हणून गेले. वडिलांनी अनेक वर्षे जिथे प्रशिक्षण दिले होते, तेच हे विद्यापीठ. त्यानंतर ईलॉन विद्यापीठ आणि मग २०१९ पासून जेम्स मॅडिसन विद्यापीठ. या तिन्ही ठिकाणी मिळून ११९ विजय आणि ३५ पराभव, आणि विजयांपेक्षा पराभव अधिक असलेला हंगाम एकही नाही. डिसेंबर २०२३ मध्ये पत्रकारांनी विचारले की नव्या खेळाडूंना तुम्ही तुमची बाजू कशी पटवता, तेव्हा त्यांनी दिलेले उत्तर देशभर गाजले: गोष्ट सोपी आहे, मी जिंकतो, गूगल करून पाहा. अनेकांना ते उद्धटपणाचे वाटले. परंतु ज्या संघाला हरण्याची सवय जडली होती, त्याच्यासमोर एखाद्याने आपला इतिहास इतक्या सरळपणे मांडणे आवश्यकच होते, असे मला वाटते.

घडी उचलून आणणे

या प्रकरणातील सर्वांत महत्त्वाचा निर्णय मैदानावर पहिला चेंडू पडण्याच्या कितीतरी आधी झाला. २०२१ पासून महाविद्यालयीन खेळाडूला पहिल्यांदा एका विद्यापीठातून दुसऱ्या विद्यापीठात गेल्यावर एक वर्ष बाहेर बसण्याची सक्ती उरलेली नाही, आणि त्याच वर्षी स्वतःच्या नावाचा आणि प्रतिमेचा आर्थिक मोबदला घेण्याची मुभाही खेळाडूंना मिळाली. बदलीची इच्छा नोंदवण्याची ‘ट्रान्स्फर पोर्टल’ ही व्यवस्था त्या हिवाळ्यात ४ डिसेंबरला सर्वांसाठी खुली झाली. सिग्नेटी यांची नेमणूक त्याच्या चारच दिवस आधी झाली होती. इंडियानाचे अनेक जुने खेळाडू पोर्टलमध्ये नाव नोंदवत असताना सिग्नेटी यांनी जेम्स मॅडिसनचे तेरा खेळाडू ब्लूमिंग्टनला आणले. त्यांच्यासोबत आक्रमणाचे समन्वयक माइक शॅनहन आणि बचावाचे समन्वयक ब्रायंट हेन्स हेही आले.

तेरा हा आकडा मोठा आहे, पण त्याहून महत्त्वाचे म्हणजे ते खेळाडू कोणत्या जागी खेळत होते. बचावाच्या मध्यभागी उभे राहून इतरांना सूचना देणारा लाइनबॅकर एडन फिशर, क्वार्टरबॅकवर कडेने चाल करून जाणारा मिकाइल कमारा, आतल्या फळीतील जेम्स कार्पेंटर आणि चेंडू झेलणाऱ्यांना कडेला रोखणारा, अवघ्या पाच फूट नऊ इंच उंचीचा कॉर्नरबॅक डी’अँजेलो पाँड्स हे चौघे म्हणजे हेन्स यांच्या बचावाचा कणाच होते. हेन्स यांची परिभाषा, त्यांचे इशारे, ऐन वेळी रचना बदलण्याची त्यांची पद्धत हे सगळे या मुलांना आधीपासून अवगत होते. नव्या प्रशिक्षकाचा पहिला हंगाम बहुधा वाया जातो तो याच शिकवणीत: खेळाडू विचार करत राहतात आणि एक पाऊल उशिरा पोचतात. इंडियानाच्या बचावातील मोक्याच्या जागांवर हा उशीर नव्हताच. उलट, जे खेळाडू आधीपासून ब्लूमिंग्टनमध्ये होते किंवा तिसऱ्या कुठल्या विद्यापीठातून आले होते, त्यांना शिकवणारे सहकारी प्रत्येक सरावात शेजारीच उभे होते. एखादा प्रशिक्षक तीच गोष्ट दहा वेळा सांगतो, तेव्हा तिचा परिणाम मर्यादित असतो. शेजारच्या जागेवर खेळणारा मुलगा ती करून दाखवतो, तेव्हा ती अंगवळणी पडते.

निवडीचा निकषही सिग्नेटी यांनी उघडपणे सांगितला होता: उद्या काय करू शकेल यापेक्षा आजवर काय केले आहे, ते पाहायचे. शाळकरी वयात पंचतारांकित ठरवलेल्या, पण मोठ्या संघात बाकावर बसलेल्या खेळाडूंच्या मागे लागण्याऐवजी त्यांनी छोट्या साखळ्यांमध्ये भरपूर सामने खेळलेली, वयाने थोडी मोठी मुले निवडली. क्वार्टरबॅकची निवड हे त्याचे उत्तम उदाहरण आहे. कॅनडातील ओंटारिओ प्रांताचा कर्टिस रूर्क हा ओहायो विद्यापीठात (बलाढ्य ओहायो स्टेट नव्हे, तर अथेन्स गावातील छोट्या साखळीतले विद्यापीठ) अनेक वर्षे खेळला होता. त्याचा फेकीचा जोर असामान्य नव्हता, पायांत विलक्षण वेग नव्हता, परंतु बचावाची मांडणी वाचून चेंडू वेळेवर सोडण्याची त्याची सवय पक्की झाली होती. शॅनहन यांच्या पद्धतीत क्वार्टरबॅक चेंडू धावपटूच्या पोटाशी धरतो, बचावातील एका ठरावीक खेळाडूची हालचाल क्षणभर पाहतो, आणि तो पुढे आला तर त्याच्या मागे रिकाम्या झालेल्या जागेत तिरक्या धावणाऱ्या सहकाऱ्याकडे चेंडू फेकतो. या एका क्षणासाठी दोन-तीन वर्षांचा अनुभव लागतो, आणि तो अनुभव त्यांनी बाहेरून तयार मिळवला.

हंगाम

हंगामापूर्वी वार्ताहरांच्या एका मतचाचणीत बिग टेनच्या अठरा संघांमध्ये इंडियानाला सतरावे स्थान देण्यात आले होते. सुरुवातीचे सामने सोपे होते आणि त्यांबद्दल फार लिहिण्याची गरज नाही: फ्लोरिडा इंटरनॅशनलविरुद्ध ३१-७, वेस्टर्न इलिनॉयविरुद्ध ७७-३. लॉस एंजेलिसजवळच्या रोझ बाउल मैदानावर यूसीएलए या तिथल्याच विद्यापीठाला ४२-१३ असे हरवल्यावर थोडी कुजबुज सुरू झाली. खरी कलाटणी १९ ऑक्टोबरच्या नेब्रास्काविरुद्धच्या सामन्यात मिळाली. खचाखच भरलेल्या स्टेडियममध्ये इंडियानाने ५६-७ असा विजय मिळवला, मात्र त्याच सामन्यात रूर्कच्या फेकीच्या हाताच्या अंगठ्याला दुखापत होऊन शस्त्रक्रिया करावी लागली. पुढच्या आठवड्यात वॉशिंग्टनविरुद्ध टेव्हन जॅक्सन या राखीव क्वार्टरबॅकला उतरवावे लागले. तो सामना ३१-१७ असा जिंकून देण्यात मोठा वाटा पाँड्सचा होता. त्याने प्रतिस्पर्ध्याचा चेंडू दोनदा हवेतच हिरावला आणि त्यांपैकी एक थेट टचडाउनपर्यंत (म्हणजे प्रतिस्पर्ध्याच्या गोलरेषेपलीकडे, जिथे गुण मिळतात) नेला.

रूर्क मिशिगन स्टेटविरुद्ध परतला. तिथे हंगामात पहिल्यांदाच इंडियाना पिछाडीवर पडले, ०-१० असे, आणि त्यानंतर त्यांनी सलग ४७ गुण मिळवले. रूर्कने चार टचडाउनसाठी यशस्वी फेक केली. हे सगळे तो उजव्या गुडघ्याचा अस्थिबंध फाटलेला असताना खेळत होता, ही गोष्ट हंगाम संपल्यावर, जानेवारी २०२५ मध्ये उघड झाली. दुखापत हंगामापूर्वीच्या सरावातली होती. या माहितीने हंगामाकडे पाहण्याची माझी दृष्टी बदलली. संघाने रूर्कला फारसे पळवले नाही, चेंडू लवकर सोडायला लावला, हा केवळ पद्धतीचा भाग नसावा. तिथे एका जखमी मुलाला सांभाळून घेण्याची गरजही असावी. त्याच्या धैर्याचे कौतुक करताना हेही विचारले पाहिजे की विशीतल्या खेळाडूच्या गुडघ्यावर इतका भार टाकणे महाविद्यालयीन खेळाने किती सहजपणे स्वीकारावे.

९ नोव्हेंबरला गतविजेत्या मिशिगनविरुद्धचा २०-१५ हा विजय इतिहास घडवणारा ठरला. विद्यापीठाच्या इतिहासात प्रथमच एका हंगामात दहा विजय झाले. त्याच सामन्यात पहिली भेगही दिसली. उत्तरार्धात इंडियानाच्या आक्रमणाला एकूण केवळ १८ यार्ड पुढे जाता आले. मिशिगनच्या दांडग्या बचाव फळीने मधली जागा बंद केली, रूर्कला वेळ मिळेना, आणि सामना वाचवला तो इंडियानाच्या बचावाने.

ही भेग ओहायो स्टेटने २३ नोव्हेंबरला कोलंबसमध्ये रुंदावली. इंडियानाने पहिले टचडाउन करून ७-० अशी आघाडी घेतली होती. मध्यांतर जवळ आले तेव्हा गुणफलक ७-७ होता. इंडियानाला पंट करायचा होता, पण मागे उभ्या असलेल्या खेळाडूच्या हातून चेंडू निसटला आणि तो स्वतःच्या गोलरेषेजवळच पाडला गेला. ओहायो स्टेटने क्षणात टचडाउन केले. मध्यांतरानंतर इंडियानाचा पुढचा पंट केलेब डाउन्सने झेलून ७९ यार्ड धावत थेट टचडाउनपर्यंत नेला. अशा दोन चुकांनी १४ गुण गेले, म्हणून पराभवाचे खापर त्यांच्यावर फोडणे सोपे आहे. पण निकाल ३८-१५ असा होता. रूर्कला पाच वेळा चेंडू फेकण्याआधीच जमिनीवर आडवे केले गेले, आणि संपूर्ण सामन्यात इंडियानाची एकूण मजल १५१ यार्डांची होती. त्याच्या समोरची पाच जणांची फळी पहिल्या प्रतीच्या बचावापुढे टिकली नाही.

पर्ड्यू या शेजारच्या कट्टर प्रतिस्पर्ध्याविरुद्ध ६६-० असा विजय मिळवून संघाने बादफेरी गाठली. बारा संघांच्या नव्या बादफेरीचा पहिलाच सामना २० डिसेंबरला साउथ बेंड येथे इंडियाना आणि नोत्र दाम यांच्यात झाला. सुरुवातीलाच इंडियानाची एक चढाई गोलरेषेजवळ पोचली असताना रूर्कचा फेकलेला चेंडू हिरावला गेला, आणि लगेचच जेरमाया लव्हने ९८ यार्डांची धाव घेतली. तिथून सामना निसटला. शेवटच्या क्षणांत मिळालेल्या दोन टचडाउनमुळे २७-१७ हा आकडा प्रत्यक्षाहून बरा दिसतो.

विजयांचे खरे वजन

टीकाकारांचा मुख्य आक्षेप असा होता की इंडियानाचे वेळापत्रक सोपे होते. हा आक्षेप खरा आहे आणि तो झटकून टाकता येत नाही. हरवलेल्या अकरा संघांपैकी केवळ दोघांनी, मिशिगन आणि नेब्रास्का यांनी, हंगामाअखेर पराभवांपेक्षा अधिक विजय नोंदवले. दुसरीकडे इंडियानाचे दोन्ही पराभव अखेरीस राष्ट्रीय अंतिम सामन्यात एकमेकांसमोर उभे ठाकलेल्या संघांकडून झाले; ओहायो स्टेटने तो सामना ३४-२३ असा जिंकला. त्याआधीच्या वर्षी अंतिम फेरीत पोचलेल्या मिशिगन आणि वॉशिंग्टन या दोघांना इंडियानाने हरवले होते, पण तोवर त्या दोन्ही संघांचे प्रशिक्षक आणि बहुतेक प्रमुख खेळाडू निघून गेले होते.

मला यातून अधिक बोलकी तुलना दुसरीच वाटते. २०२४ मध्ये बिग टेनमध्ये नव्या मुख्य प्रशिक्षकासह उतरलेले संघ पाच होते: इंडियाना, मिशिगन, मिशिगन स्टेट, वॉशिंग्टन आणि यूसीएलए. पोर्टल सगळ्यांसाठी सारखेच होते. इंडियानाने उरलेल्या चारही संघांना हरवले, आणि त्या चौघांपैकी केवळ मिशिगनने आठ विजयांपर्यंत मजल मारली. बाकी तिघांचे पराभव विजयांहून अधिक होते. वॉशिंग्टनमधील नेमणूक जानेवारीच्या मध्यावर, मिशिगनमधील जानेवारीच्या अखेरीस आणि यूसीएलएमधील फेब्रुवारीत झाली, म्हणजे पोर्टलचा हिवाळी बाजार उठून गेल्यावर. वेळेचा फायदा इंडियानाला मिळाला हे निर्विवाद आहे. पण मिशिगन स्टेटचे जोनाथन स्मिथ सिग्नेटी यांच्याही काही दिवस आधी नेमले गेले होते आणि त्यांनीही आपल्या जुन्या विद्यापीठातून एडन चाइल्स हा क्वार्टरबॅक सोबत आणला होता. चाइल्स गुणी होता, पण अगदी कोवळा होता. सिग्नेटी यांनी क्वार्टरबॅक अनुभवी घेतला आणि बचावाची मधली रांग आहे तशी उचलून आणली. दोन संघांतील ४७-१० या फरकाचा मोठा हिस्सा या निवडीत आहे, असे माझे मत आहे.

या यशाची किंमत इतरांनीही मोजली. जेम्स मॅडिसन विद्यापीठ २०२२ मध्येच वरच्या श्रेणीत आले होते. अनेक वर्षे जोपासलेला संघ त्यांनी एका महिन्यात गमावला, आणि नव्या प्रशिक्षकाने तो पुन्हा उभारून नऊ सामने जिंकले, ही त्यांची मोठी कामगिरी आहे. तिची चर्चा मात्र फारशी झाली नाही. छोट्या विद्यापीठाने घडवायचे आणि मोठ्याने न्यायचे, ही नव्या नियमांची दुसरी बाजू आहे. सिग्नेटी यांनी नियम मोडले नाहीत. पण त्यांच्या पद्धतीचे अनुकरण करू पाहणाऱ्या प्रत्येक मोठ्या संघामागे एक जेम्स मॅडिसन असणार आहे, याची जाणीव ठेवूनच त्या पद्धतीचे कौतुक करावे लागते.

विद्यापीठाने मात्र वेळ दवडली नाही. हंगाम संपण्याआधीच, नोव्हेंबरच्या मध्यावर, सिग्नेटी यांच्याशी आठ वर्षांचा ७ कोटी २० लाख डॉलरचा नवा करार करण्यात आला. शॅनहन आणि हेन्स दोघेही थांबले. फिशर, कमारा, पाँड्स आणि झेल घेणारा इलायजा सॅरॅट हे जेम्स मॅडिसनचे चौघेही आणखी एका वर्षासाठी राहिले. रूर्कच्या जागी कॅलिफोर्निया विद्यापीठातून फर्नांडो मेंडोझा आला. पुढच्या हंगामात त्याने महाविद्यालयीन फुटबॉलमधील सर्वोत्तम खेळाडूला मिळणारे हाइजमन पारितोषिक पटकावले आणि इंडियाना अपराजित राहून राष्ट्रीय विजेते झाले. ओहायो स्टेट आणि नोत्र दामसमोर कोसळलेल्या फळीकडेही त्या हिवाळ्यात लक्ष गेले. तिच्या मधोमध उभा राहण्यासाठी सिग्नेटी यांनी ज्याला आणले तो पॅट कूगन आदल्या डिसेंबरात साउथ बेंडच्या त्या सामन्यात नोत्र दामच्या बाजूने खेळला होता.